चाळीस पावलं मागे

ताई : सव्वादहाला गोल्फ क्लबच्या फळ्यावर यादी लागली. संघात आठजणी. सात गोऱ्या आणि तू.

धाकटी : कळलं. सेक्रेटरीबाईंचा फोन आला होता. तू वाचलीस?

ताई : अकरा वर्षं इथलं गवत कापतेय, फळा वाटेतच आहे. तीनदा वाचली. म्हटलं, खाली अजून एखादं नाव असेल.

धाकटी : ते मशीनचं पातं पुसणं थांबव ना जरा. मी काही तुझी जागा मागून घेतली नाही.

ताई : मागितली नाहीस, मिळाली. आपल्या रंगाची एकच घ्यायची होती त्यांना. चाचणीत गोऱ्या मुलींना काय काय खेळायला लावलं?

धाकटी : सगळं. लांबचा फटका, वाळूतला, शेवटी होलजवळून बारा चेंडू हळूच आत ढकलायचे.

ताई : आणि आपल्या दोघींना?

धाकटी : नुसता लांबचा.

ताई : 'तुम्हा लोकांच्या अंगात जोर असतो, तोच दाखवा,' म्हणाला प्रशिक्षक. माझा चेंडू तुझ्या चाळीस पावलं मागे पडला. त्यानं वहीतून मानही वर केली नाही. 'पुढची' म्हणाला. होलजवळ तू मला कधी हरवलंयस?

धाकटी : एकदाही नाही. म्हणून तर आले.

ताई : कशाला, शाबासकी हवी?

धाकटी : माझी कॅडी हो. बॅग उचल आणि चेंडू कुठे वळेल ते सांग. मला होलजवळचा उतार दिसतच नाही गं.

ताई : म्हणजे डोळे माझे, फोटो तुझा.

धाकटी : तसं म्हण.

ताई : चाचणीत तुझा पहिला चेंडू झाडीत गेला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. सख्खी बहीण असून.

धाकटी : तुझं तोंड दिसलं होतं मला.

ताई : तरी आलीस.

धाकटी : मी होलपाशी चुकले की म्हणतील, जोर आहे, पण हात हलका नाही यांचा. मग पुन्हा आपल्यातल्या कुणाला घेणार नाहीत.

ताई : आणि माझं ऐकून जिंकलीस तर म्हणतील, काय जोर आहे पोरीत.

धाकटी : म्हणतील.

ताई : फॉर्म आणलायस?

धाकटी : हा काय. कॅडीचं नाव तेवढं कोरं आहे.

ताई : पाचला ऑफिस बंद होतं.

धाकटी : वीस मिनिटं आहेत.

ताई : ठेव तिथे खुर्चीवर. हाताला वंगण आहे माझ्या.

धाकटी : पेनपण ठेवते.