पोपटी भिंतीवरची तार

ठमी : बाबा, तुम्हाला दादाची आठवण येते की नाही? हो की नाही, एवढंच सांगा. मैत्रिणींनी पैज लावलीय, मला हे विचारायची छातीच होणार नाही म्हणून. घ्या, विचारलं!

बाबा : तुझ्या मैत्रिणींना अभ्यास नसतो का?

ठमी : हे उत्तर नाही झालं.

आई : ठमे, चहा तरी पिऊ दे त्यांना.

बाबा : कसली आठवण? गेला तो त्याच्या मर्जीने. सुखात असेल.

ठमी : मग शिवणाच्या खोलीतलं त्याने केलेलं वायरिंग का काढू देत नाही? सकाळी वीज कंपनीचा माणूस वायरिंग तपासायला आला होता, त्याला दारातूनच वाटेला लावलंत.

बाबा : घर माझं, भिंत माझी. तिच्यावर कुठली तार असावी हे तो वीजवाला सांगणार? उद्या म्हणेल, कुठल्या कुशीवर झोपायचं तेही मला विचारून ठरवा!

ठमी : कुशीतून करंट येत नाही, बाबा. दादाने अर्थिंग दिलेलंच नाही तिथे. आणि चालू तारेला हिरवी वायर! हिरवी म्हणजे अर्थिंगची, तिच्यात करंट नसतो. माणूस बिनधास्त हात लावेल आणि चिकटेल की तिथेच.

आई : त्याला नको गं बोल लावूस. मीच म्हटलं होतं, पोपटी भिंतीवर लाल तार ओरखड्यासारखी दिसेल. लगेच हिरवी घेऊन आला.

ठमी : म्हणजे साडीला मॅचिंग ब्लाउज, तशी भिंतीला मॅचिंग वायर? धन्य आहात!

बाबा : काम सुबक केलंय पण. खिळे बघ, एका ओळीत आहेत.

ठमी : आई, तू विजेच्या मशिनवर बसताना रबरी चपला का घालतेस?

आई : फरशी गार लागते.

ठमी : भर उन्हाळ्यात?

आई : ...मशिनला हात लागला की जरा झिणझिण्या येतात. चपला घातल्या की नाही येत.

बाबा : काय? आणि हे मला आज कळतंय?

आई : सांगितलं असतं तर तुम्ही त्याच रागात सगळं उपटून फेकलं असतं. त्याच्या हातचं तेवढंच तर उरलंय घरात.

बाबा : मी कशाला उपटेन?

आई : मला काय ठाऊक? ‘माझ्या घरात माझ्याच मर्जीने राहायचं’ म्हणालात, तो बॅग घेऊन निघाला. त्यानंतर त्याचं नाव तरी काढलंत का कधी?

बाबा : संध्याकाळी त्या खोलीत दिवा लागला ना, की मी अंगणातच थांबतो थोडा वेळ. वाटतं, आत तोच आहे. स्टुलावर चढून काहीतरी ठोकत बसलाय.

ठमी : अरे देवा! म्हणजे आठवण दोघांना येणार, तोंड दोघं शिवून बसणार, आणि शॉक खायचा आईने!

(ठमी उठून मेन स्विच खाली पाडते. पंखा फिरत फिरत थांबतो.)

बाबा : अगं, काय करतेस?

ठमी : माझं ठरलंय. परवानाधारक वायरमन उद्या येतोय, मीच बोलावलंय. ती सगळी तार निघणार.

बाबा : मला न विचारता? हे घर...

ठमी : घर तुमचं, बाबा. आई आमचीपण आहे.

आई : अहो, निघू दे ती तार. मलाही आता भीती वाटते.

बाबा : त्याला... त्याला कळवलंय का हे?

ठमी : शाळेतून येतानाच फोन केला. येशील का म्हटलं. तर म्हणाला, बाबांना चालेल का?

आई : मग? तू काय म्हणालीस?

ठमी : म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीने ये. बाबा स्टेशनवर तुला घ्यायला येणार आहेत.