हिसाकोचा सोनेरी परवाना

हिसाको : गिअर टाकला, दांडा खाली केला, तरी जागच्या जागी गुरगुरतेय. हलतच नाही हो!

इवाओ : कशी हलेल? हँडब्रेक गोठलाय. थंडीत कुणी ओढतं का तो?

हिसाको : सकाळी गाडी तुम्ही लावलीत.

इवाओ : मी? उभ्या आयुष्यात हिवाळ्यात मी कधी हँडब्रेक ओढला नाही.

हिसाको : आज ओढलात.

इवाओ : ...पोलीस ठाण्याची पाटी दिसली आणि हात गेला असेल. जरा पुढे घे. आता मागे. पुढे. अगं, हळू! हां, सुटला.

हिसाको : तुमचा परवाना कायमचा परत घेताना तो पोलीस काय म्हणाला?

इवाओ : 'इतकी वर्षं खूप कष्ट घेतलेत' म्हणाला आणि कमरेत वाकला. मला वाटलं, माझ्याच अंत्ययात्रेला आलोय. चल, गाडीचं नाक बाहेर काढ, पण थोडंच. या कोपऱ्यावर बर्फाचा ढीग माझ्याहून उंच आहे, पलीकडचं काही दिसायचं नाही.

हिसाको : ड्रायव्हिंग शाळेत शिकवलंय मला हे.

इवाओ : शाळेत शिकवलेलं वेगळं. शाळेच्या मैदानात समोरून ट्रक येत नाहीत.

हिसाको : आपल्या लेकाला, मासातोला, मी शब्द दिलाय. आज बर्फातून मी गाडी घरी नेली तर आपण आपल्या घरात राहायचं. नाही जमलं तर वसंतात सापोरोला, त्याच्या सहाव्या मजल्यावरच्या घरी. तेव्हा टोमणे मारायचे असतील तर उन्हाळ्यात मारा.

इवाओ : गावची बस बंद केली नसती तर ही वेळच आली नसती. सिग्नल येतोय. ब्रेकवर पाय आपटू नकोस, तिथला बर्फ थांबणाऱ्यांच्या चाकांनी घासून आरसा झालाय. आधीपासून वेग कमी कर. हं. ...बरं थांबलीस.

हिसाको : 'बरं'? सोनेरी परवाना आहे माझा.

इवाओ : सोनेरी! एकतीस वर्षं गाडीला हात लावला नाहीस, म्हणून एकही गुन्हा नाही, म्हणून सोनेरी. आणि मी रोज बर्फ तुडवत मासे पोचवले, तर माझ्या परवान्याला साधा निळा रंग. हा कुठला न्याय?

हिसाको : तीन वेळा पकडले गेलात तुम्ही.

इवाओ : त्यातलं एकदा मांजर आडवं आलं होतं.

हिसाको : अहो, मागचा ट्रक अगदी मानगुटीवर बसलाय. दिवे डोळ्यांत मारतोय मेला.

इवाओ : इथे उतारावर घाई करून जायचंय कुठे याला, खड्ड्यात? तू वेग वाढवू नकोस. पुढे बसथांब्याची जागा आहे, तिथे डावीकडे घे आणि जाऊ दे त्याला.

हिसाको : घेतली. ...गेला. बघा, मागचे दिवे दोनदा लुकलुकवून आभार मानून गेला.

इवाओ : आभार मानतोय आणि सगळा भुसभुशीत बर्फ आपल्या काचेवर उडवतोय. वायपर लाव. रस्त्यावर ये आता हळूच.

हिसाको : वारा पण सुटला की. सगळं पांढरं झालं.

इवाओ : थांब! हिसाको, थांब, काही दिसत नाहीये!

हिसाको : मधेच थांबले तर मागचा येऊन आदळेल. तुम्ही शांत बसा. मला बाण दिसतोय.

इवाओ : कुठला बाण?

हिसाको : वरचा, खांबावरचा, रस्त्याची कड दाखवणारा. लाल-पांढरा. तो गेला, आता पुढचा... तो आला. तुम्हाला नाही दिसत?

इवाओ : काच पुसू दे जरा. कुठे?

हिसाको : तुम्हाला नाही दिसत.

इवाओ : गेल्या हिवाळ्यापासून नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला मी दिसतंय म्हणून काहीबाही सांगितलं.

हिसाको : माहितीये मला.

इवाओ : काय माहितीये?

हिसाको : उगीच का बडबडत होते मी तुमच्या शेजारी बसून? 'अहो, ओनोदेरांच्या गोठ्याचं छप्पर बघा', 'अहो, देवळाच्या कमानीवर किती बर्फ साचलाय'. गोठा आला की उजवं वळण, कमान आली की पूल.

इवाओ : आणि मी तुला म्हणायचो, जरा तोंडाला कुलूप लाव.

हिसाको : म्हणायचात. राग यायचा मला. पण मासातोला सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात आपलं बिऱ्हाड हललं असतं. भीती पण वाटायची हो, रोज वाटायची. कुणाला लागलं असतं तर ते पाप माझंच असतं.

इवाओ : लागणार होतं. तू नव्हतीस त्या दिवशी. टपालवाला बर्फाच्या ढिगात उडी मारून वाचला. उठला, टोपी झटकली आणि मलाच म्हणाला, 'काही हरकत नाही, आजोबा.' चिडला असता तर बरं झालं असतं. त्या रात्री ठरवलं मी, परवाना देऊन टाकायचा.

हिसाको : मला का नाही सांगितलंत?

इवाओ : तू कुठे मला सगळं सांगतेस? ड्रायव्हिंग शाळेत हात पुन्हा बसवायला जात होतीस आणि म्हणत होतीस, फुलं रचायला शिकतेय.

हिसाको : एक फूल तरी आणलं का घरी? तुम्हाला संशय यायला हवा होता.

इवाओ : वारा पडला वाटतं.

हिसाको : पडला. पूल ओलांडला आपण. हे बघा, घर. आणि हा बघा बर्फ काढणाऱ्या यंत्राचा प्रताप! रस्ता साफ केला आणि बर्फाची अख्खी भिंत आपल्या फाटकासमोर लोटून गेलं.

इवाओ : दरवर्षीचंच आहे. तू बस गाडीत, दिवे चालू ठेव. फावडं मारायला परवाना लागत नाही.

(इवाओच्या खिशातला फोन वाजतो.)

मासातो : बाबा? कुठे आहात? तिकडे वादळाचा इशारा दिलाय. आई कशी आहे? अशा वादळात तरी गाडी तुम्ही चालवताय ना?

इवाओ : मी परवाना देऊन आलो. तुझ्या आईने आणली गाडी.

मासातो : वादळातून?

इवाओ : वादळातून. घराशी पोचलोय, फाटक मोकळं करतोय.

मासातो : घासली नाही ना कुठे? खरं सांगा.

इवाओ : कुठेही नाही. मासातो, तुझ्या घरातली ती खोली आमच्यासाठी अडवून ठेवू नकोस. मुलांना दे अभ्यासाला.

मासातो : बाबा, नीट विचार करा. हिवाळा अजून अर्धा बाकी आहे. आईला रोज झेपेल का?

इवाओ : तिला झेपेल. मला गप्प बसायला शिकायचंय.