भैरोंबाबा पुढच्या वर्षी

वैष्णोमातेच्या गुहेतलं दर्शन आटोपून मी भैरोंच्या डोंगरावर जाणाऱ्या रोपवेच्या रांगेत उभा होतो. माझ्या मागे एक म्हातारं डोगरा जोडपं होतं.

“रतनो, पुढे सरक ना. भैरोंबाबाच्या पाया पडल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही.”

“ठाऊक आहे. तुम्ही या जाऊन.”

“गुडघे दुखतायत? अगं, चालायचं नाहीये, नुसतं बसायचंय.”

“गुडघ्यांना काय धाड भरलीय!”

“मग? मागच्या वर्षीही तू इथूनच परत फिरलीस.”

“मी नाही फिरले. आपला अंकुश म्हणाला, आई, दमलीस तू, भैरोंबाबा पुढच्या वर्षी करू.”

“म्हणूनच म्हणतो. पोराची यात्रा अर्धी राहिली. त्याच्या नावानं आपण पुरी करू, म्हणजे त्याचा जीव सुटेल.”

“नको.”

“अगं, आठ महिने झाले त्याला जाऊन.”

“ज्याची यात्रा अर्धी राहते, त्याला माता परत बोलावते. जन्मभर तुम्हीच सांगत आलात ना?”

“हो, सांगत आलो.”

“मग राहू दे ना अर्धी.”

“...बरं. जरा बाजूला हो. मागच्यांना जाऊ दे.”