पुसलंत तर असं पुसलंत

नाही, पण मला एक सांगा, पुसणं हा काय गुन्हा आहे? अहो, माझा धंदाच आहे तो! जुने सिनेमे येतात आमच्याकडे, धुळीनं माखलेले, ओरखडे पडलेले, मधेच नायिकेच्या गालावर एखादा केस वळवळतोय... तो केस, ती धूळ, ते ओरखडे, एकेक चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि पुसायचं. घरी मला कोणी पुसत नाही आणि ऑफिसात मी दिवसभर पुसतो, असं आपलं चाललंय. मग तो नवाकोरा झालेला सिनेमा आम्ही झोकदार पेटीत घालतो, सोबत पुस्तिका, विद्वानांचे लेख, आणि जाणकार मंडळी ती पेटी पाहुण्यांना दिसेल अशी कपाटात लावतात. बघतात की नाही, तो भाग वेगळा.

तर आमच्या साहेबांच्या डोक्यात काय आलं, की चांगले सिनेमे तर सगळेच काढतात, आपण पडेल सिनेमे काढू. थट्टेनं हो! पण थट्टा करायची ती गंभीर चेहऱ्यानं. मखमली पेटी, सोनेरी अक्षरं, तीन डिस्क, आणि वर समीक्षकांची वाक्यं, तीही त्या वेळची खरीखुरी. 'सिनेमा संपतो, ही त्याची जमेची बाजू.' 'थिएटरातले पंखे उत्तम.' आत एका प्राध्यापकांचा लेख, 'कंटाळ्याचं सौंदर्यशास्त्र'. त्यांना ही थट्टा आहे हे सांगायचं राहूनच गेलं, बिचाऱ्यांनी मनापासून लिहिलाय. मी साहेबांना विचारलं, कापलेले प्रसंगही घालायचे का, तर साहेब म्हणाले, "यात काही कापलंच नव्हतं हो, लोकांची तीच तर तक्रार होती."

हसताय? मीही हसलो. मग पहिला सिनेमा कुठला निवडलाय ते कळलं... माझ्या सासऱ्यांचा!

सिनेमाचं नाव सांगत नाही, घरातून हाकलतील. तरुणपणी त्यांनी हा एकच काढला, तो असा काही आपटला, की पुढे जन्मभर स्टुडिओ थाटून लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढत बसले. हनुवटी वर, जरा डावीकडे, हलू नका. सासरी 'सिनेमा' हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नाही, 'ते प्रकरण' म्हणतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न काय विचारावा? सिनेमे बघता का! मी म्हटलं, छे, मी पुसतो. त्यांना वाटलं, फडक्यानं. तेवढ्यावर लग्न जमलं.

आता साहेबांनी सासऱ्यांना फोन केला की या, सिनेमा बघत बघत बोला, तुमचा आवाज त्यावर रेकॉर्ड करू. झालं! माणूस एका रात्रीत बदलला. कपाटातला कोट बाहेर आला, चहा पितानासुद्धा चेहरा एका बाजूनं दाखवायला लागले, आणि येईल त्याला सांगायचे की शेवटी काळच न्याय करतो. आमच्या हिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, ही थट्टा आहे हे बाबांना कळलं ना, तर ते पुन्हा तोंड उघडायचे नाहीत. तुम्ही काहीतरी करा."

मी काय करणार? मला येतं काय? पुसणं!

पुसलं मग. राजाच्या मनगटावर घड्याळ होतं, पुसलं. मेलेला खलनायक नाक खाजवत होता, त्याचा हात खाली ठेवला, मेला तसा नीट मेला. महालाची भिंत टेकलं की हलायची, ती पक्की केली. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे तो प्रसंग... नायक नायिकेचे हात धरून म्हणतो, 'या जगात आता आपण दोघंच,' आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर तिसऱ्याच कुणाची तरी सावली! हातात माइकची काठी, सुटलेलं पोट, चांगली ऐसपैस. तेव्हाच्या एका समीक्षकानं लिहिलं होतं, 'पडद्यावर तिघे, थिएटरात मी एकटा.' ती सावली मी इतकी सफाईनं पुसली, तुम्हाला सांगतो, भिंतीला नवा रंग दिल्यासारखी दिसत होती.

साहेबांनी बघितलं आणि डोक्याला हात लावला. म्हणे, अहो, आता हसायचं कुठे? चुका होत्या तेव्हा सिनेमा अफाट होता, आता नुसताच वाईट आहे! आता बोला! चांगलं काम केलं म्हणून बोलणी खाणारा जगात मी एकटाच असेन. तेवढ्यात सासरे कोट घालून हजर, मागे सासूबाई, आणि लावायला माझी ती पुसलेलीच प्रत.

सासरे बोलायला लागले ते काय रंगून! राजा असा का चालतो, पाऊस असा का पडतो... घड्याळ गेलं, नाक गेलं, त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, सुटलो. मग तो प्रसंग आला आणि माणूस बोलता बोलता थांबला.

"ती कुठंय?"

मी म्हटलं, कोण? तर म्हणाले, हिची सावली. हिची म्हणजे सासूबाईंची! आवाजाचं काम करणारा माणूस अर्ध्यातून पळाला होता, म्हणून महिनाभर माइक सासूबाईंनी धरला होता. आणि ते पोट? अहो, त्या पोटात आमची ही होती! सातवा महिना! हात भरून आला की बाई भिंतीकडे सरकायच्या आणि सावली पडायची. सासूबाई पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "नाव घालायचं तर तेव्हाच राहिलं होतं. आता सावलीही गेली म्हणायची."

तुम्हाला सांगतो, धरणी दुभंगेल तर बरं असं मला झालं. मी सगळं ओकून टाकलं... की ही थट्टा आहे, लोक तुम्हाला हसणार आहेत, ते मला बघवलं नसतं म्हणून पुसलं. सासऱ्यांनी टेबलावरची नमुन्याची पेटी उचलली, उलटसुलट केली. "मला वाचता येतं, जावईबापू. पंखे उत्तम, हे कौतुक नव्हे, एवढं कळतं मला." मग पेटी खाली ठेवून म्हणाले, "त्या वेळी हसायलासुद्धा कोणी आलं नव्हतं हो. तेव्हा माझ्या सिनेमाला कुणी पुसलं नाही, आणि आज तुम्ही पुसलंत तर असं पुसलंत?"

इतकी वर्षं त्यांच्यासमोर जेवतोय, पण हा माणूस कशाची वाट बघत होता हे मला कधी कळलंच नव्हतं.

परत घातलं सगळं. घड्याळ घातलं, नाक खाजवलं, भिंत हलवली. सावली तर साहेबांनी आणखी ठळक करायला लावली. पुसणारा माणूस मी, आठवडाभर एक सावली घासून लख्ख करत बसलो! आणि सासरे त्या प्रसंगावर पुन्हा काय बोलले माहितीय? म्हणाले, "मंडळी, नायक-नायिकेकडे बघू नका, त्यांना काही येत नाही. मागे भिंतीवर बघा. ही आमची मिसेस, आणि आत आमची लेक. अख्ख्या सिनेमात याच दोघींचं काम चांगलं झालंय." सासूबाई लाजल्या, आणि साहेब नाक पुसत बाहेर गेले.

पेटी आली, घरी सगळ्यांनी मिळून लावली. सासरे सगळ्यात आधी हसत होते, आणि आता येईल त्याला अभिमानानं 'आमचा पडेल' म्हणून दाखवतात. सगळं छान झालं. फक्त आमच्या हिनं सिनेमा संपल्यावर शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही मला पुसून टाकलं होतं?"

मी म्हटलं, अगं, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस...

"लग्न झाल्यापासून सांगतेय, मी तुम्हाला दिसतच नाही."

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? बाई, दिसलीस म्हणूनच तर पुसली... हे कुठल्या तोंडानं सांगू?