सात मैलांचे चवदा दगड

तुमी हसता बे, पन तवा माही नोकरी जात होती. पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर मैलाचे दगड गाडाचं काम होतं आन् टोळीचा मुकादम मी. ओव्हरसियर रोज एकच पुसे, "आज किती दगड गाडले?" रस्ता किती उरकला, हे त्यानं कधीच नाही पुसलं.

एक दिवस म्हने, "रोज दोन दगड झाले नाही, त पुरी टोळी घरी पाठवतो."

खडकात खड्डा खंदाले दोन दिवस लागत. टोळीतले रहीमचाचा म्हनाले, "मऊ जागा पाहून गाडू ना." मंग जिथं मऊ माती, तिथं दगड. त्याच्यावर पुढचा आकडा टाकून मोकळे. सात मैलाच्या रस्त्यावर चवदा दगड झाले. ओव्हरसियर खूश!

आन् गोरा साहेब तपासाले आला. हातात घड्याळ घेऊन त्यानं रस्त्याच्या सुरवातीपासून शेवटच्या दगडापर्यंत घोडा पळवला. ओव्हरसियर आन् आमी तिथंच उभे होतो.

साहेबानं दगडावरचा आकडा वाचला, घड्याळ पाह्यलं.

"मुकादम!"

"जी हुजूर."

"ये बुढ्ढा घोडा हम बेचनेवाला था. आधे घंटे में चौदह मील! अब नहीं बेचेगा."

ओव्हरसियरनं पयले घोड्याले हात जोडले, मंग मले.