उपवासाच्या नावाने लागलेले कुलूप

सभाजनहो, बंधूंनो, भगिनींनो,

आपण सारे आलात. कमलताईंच्या तसबिरीसमोर उभे राहून बोलणे मला जड जात आहे. परक्यांच्या दारी मृत्यूवर निरूपण करण्यात माझे आयुष्य गेले. पण जिच्या हातचे वरण जेवलो, तिच्याविषयी बोलताना जीभ अडखळते. जड जाण्याचे दुसरेही कारण आहे. ते इथे पहिल्या रांगेत बसले आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या इथल्या मराठी समाजाचे सेवामंडळ गुढियारीच्या वस्तीत दुपारचे जेवण घालीत असे. रेल्वेच्या मालधक्क्यावर ओझी वाहून वाकलेले वृद्ध, मुलांनी दूर लोटलेल्या आया, असे लोक पंगतीला येत. ती चूल कमलताई सांभाळीत. पुढे आपले वेगळे राज्य झाले, राजधानी आपल्या दारात आली, आणि कसे कोण जाणे, मंडळाचे अनुदान आटले.

अनुदान आटणे हा अपराध नव्हे. संकट कोणावरही येते. मंडळाने त्या संकटात काय केले? मंडळ धार्मिक झाले.

सचिव माझ्या घरी आले. हातात पंचांग. म्हणाले, "शास्त्रीजी, ज़रा उपास के दिन निकाल दीजिए. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, सोमवार, गुरुवार, शनिवार. त्या दिवशी चूल बंद ठेवू. खर्च वाचते अन् धर्मही सांभाळला जाते."

मी विचारले, "यांपैकी आपण स्वतः कोणता उपवास करता?"

म्हणाले, "मले ॲसिडिटी हाय ना, शास्त्रीजी."

सभाजनहो, उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. ईश्वराच्या जवळ राहणे, तो उपवास. ज्याच्या घरी अन्न आहे त्याने ते स्वेच्छेने बाजूला ठेवावे, हे व्रत. दुसऱ्याच्या पुढचे ताट ओढून घ्यावे, याला शास्त्रात व्रत म्हणत नाहीत. जे म्हणतात, ते शोकसभेत उच्चारण्याजोगे नाही.

मी नकार दिला. मंडळाने दुसरा पंडित गाठला. पंडित मिळतात.

चुलीच्या खोलीला पहिले कुलूप लागले, त्या दिवशी कमलताई तरातरा माझ्याकडे आल्या. "शास्त्रीजी, मले एक सांगा. भूक काय पंचांग पाहून लागते?"

"नाही, ताई."

"मग हे लोक काहून असं करून राहिले?"

मी म्हटले, "पैसा उरला नाही असे सांगायची त्यांना लाज वाटते."

त्या म्हणाल्या, "लाज? कुठं ठेवली हाय? दाखवा मले."

मी अजून शोधतो आहे.

मंडळ एवढ्यावर थांबले नाही. बंद दिवशी लोकांनी रिकामे बसू नये, म्हणून आहार-मार्गदर्शन सुरू झाले. जेवण नाही, जेवणाविषयी व्याख्यान! एक गृहस्थ पडद्यावर फळांची रंगीत चित्रे दाखवून गेले. रोज एक सफरचंद खा म्हणाले. पंगतीतली मंगलीबाई कमलताईंच्या कानाशी लागली, "सेब कहां ले लाबो, दीदी?" सफरचंद आणायचे कुठून? मंडळाच्या अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, म्हातारीने शंका विचारली.

मग कमलताईंनी काय केले? भाषण केले नाही. कुलपाच्या दिवशी स्वतःच्या अंगणात चूल मांडली. पाऱ्यातल्या, म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या बायका ओंजळभर तांदूळ आणीत, कुणी भाजी आणी. पंगत तिथे बसू लागली. अध्यक्षांचा निरोप गेला, "दीदी, इससे मंडल की बदनामी होती है." ताईंनी उलट निरोप धाडला, "बदनामी होते तर जेवायले या. चार घास पोटात गेले की बरं वाटते." अध्यक्ष गेले नाहीत. मंडळाच्या शंकर नगरच्या सभागृहाला त्या सुमारास नवे पडदे लागत होते. ते कामात होते.

त्याच अंगणात, भात उतरवताना, कमलताई गेल्या. मंडळाने त्यांना मारले, असे मी म्हणणार नाही. तेवढे कर्तृत्व मंडळात नाही. ज्यांना एक चूल पेटती ठेवता आली नाही, त्यांच्या हातून काय व्हायचे? पापालाही थोडे धैर्य लागते. इथे आहे तो केवळ निर्लज्ज आळस, गंध लावून बसलेला.

आता कळते की सभागृहाला ताईंचे नाव देण्याचा ठराव तयार आहे. अध्यक्षमहोदय, तो ठराव खिशातच असू द्या. वातानुकूलित भिंतीवर नाव कोरून घेण्याइतक्या त्या रिकाम्या नव्हत्या.

सभेला येताना दाराशी मंगलीबाई भेटली. आत यायला तिला संकोच वाटत होता. तिने मला एवढेच विचारले, "काली कहां खाबो, महराज?" उद्या जेवायचे कुठे? उद्या एकादशी आहे. मंडळाच्या खोलीला कुलूप असेल, आणि ताईंचे अंगण आता रिकामे आहे. सारी विद्या मला पाठ आहे. पण किल्ली माझ्याकडे नाही. ती पहिल्या रांगेत आहे.

म्हणून आपण उभे राहू या. मौन पाळू या. कमलताई, आपल्या पवित्र हातांना माझे साष्टांग वंदन.

मौन संपल्यावर अध्यक्षांनी एकच शब्द बोलावा, होय किंवा नाही: उद्या खोली उघडणार का? शांतिमंत्र मला म्हणायचा आहे. तो मी त्या शब्दानंतर म्हणेन. तोवर कोणी खाली बसू नये.