जुगाऱ्यांनी सुचवलेलं स्थळ

सकाळी अकरा वाजता, बोरीवलीतल्या दातांच्या दवाखान्यात, शेजारच्या बाकावर वधू-वर सूचक मंडळ चालवणाऱ्या बाई सोबत आलेल्या भाच्याशी बोलत होत्या. गूगलवर त्यांचं मंडळ दिसेनासं झालं होतं.

"सिद्धेश, रविवारी मेळावा आहे आणि एक फोन नाही रे!"

"मावशी, दुसऱ्या साइटने आपली लिंक दिली की गूगल ती शिफारस धरतं. तू स्थळाची चौकशी करतेस ना, तसंच. चांगल्या घरांनी नाव घेतलं की स्थळ वर."

"मग आपलं नाव कोण घेतंय?"

"साइट वर आणून देतो म्हणणाऱ्या त्या एजंटकडून लिंकांचं पॅकेज घेतलंस ना? सगळ्या जुगाराच्या साइट आहेत."

"अगंबाई! जुगाऱ्यांनी सुचवलेलं स्थळ मी तरी कुणाला दाखवलं असतं का?"

"तेच ना!"

"आपण लग्न जमवलेल्यांपैकी कुणाची साइट आहे?"

"निधीची आहे, केकची. झकास चालते."

"मग तिला सांग लिंक द्यायला."

"मावशी, तिचं लग्न मोडलं ना गेल्या वर्षी."

"हो की रे."

"काय करू?"

"लाव तरी फोन. रविवारपर्यंत वर येऊ ना रे?"

"सांगता येत नाही गं."

आतून बाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या नाहीत. निधीला लावलेल्या फोनची रिंग वाजत होती.